मॅग्लेव्ह गाडी आणि वर्धा जंक्शन

मुंबई ते नागपूर हे रेल्वेचे अंतर ८३७ किलोमीटर. वर्ध्याचा माणूस त्यातले साडेसातशेहून अधिक किलोमीटर आजही गाडीत रात्र काढूनच कापतो. सेवाग्राम एक्सप्रेस असो की विदर्भ एक्सप्रेस, दुपारी-संध्याकाळी मुंबईत बसायचे आणि पहाटे-सकाळी वर्ध्याला उतरायचे, हे दोन-तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडले आहे. १० ऑगस्ट २०२५ रोजी अजनी-पुणे वंदे भारत सुरू झाली आणि तिला वर्ध्याचा थांबाही मिळाला. ती ८८१ किलोमीटरला बारा तास घेते, म्हणजे सरासरी ताशी ७३ किलोमीटर. अशा परिस्थितीत ताशी पाचशे किलोमीटरने, रुळाला न शिवता, चाकाविना धावणाऱ्या गाडीचा विषय निघाला की आपल्याकडे कान टवकारले जाणारच.

आणि तो विषय निघतोही. मुंबई-नागपूर मार्गासाठी मॅग्लेव्ह, म्हणजे चुंबकाच्या जोरावर अधांतरी धावणाऱ्या गाडीची शक्यता तपासून पाहावी, अशी चर्चा राज्य पातळीवर मागे होऊन गेली. पुढे समृद्धी महामार्गाच्या कडेने बुलेट ट्रेन न्यायचा प्रस्ताव आला. २०२१ मध्ये विमानातून लायडार सर्वेक्षण झाले आणि प्रस्तावित स्थानकांत वर्धा आणि पुलगाव ही दोन्ही नावे झळकली. बुलेट ट्रेन चाकांची, मॅग्लेव्ह बिनचाकी; पण गप्पांत दोन्हींची सरमिसळ होते. ‘वेगवान गाडी’ एवढेच लक्षात राहते. माझ्या मते आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट या दोघींतला फरक हीच आहे. मॅग्लेव्हचे तंत्र कच्चे आहे म्हणून ती आपल्या कामाची नाही, असे मुळीच नाही. तंत्र विलक्षण आहे. अडचण ही की ती दुसऱ्या कुठल्याही रेल्वेला जोडता येत नाही, आणि वर्धा तर उभे आहे जोडावरच.

आधी तंत्र पाहू. साध्या रेल्वेत चाक तीन कामे करते: गाडीचे वजन पेलते, तिला मार्गावर ठेवते आणि इंजिनाची ओढ रुळापर्यंत पोचवते. मॅग्लेव्हमध्ये ही तिन्ही कामे चुंबकाकडे जातात. त्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. जर्मनीत विकसित झालेल्या पद्धतीत गाडीचे दोन्ही बाजूंचे हात मार्गाच्या तुळईला खालून कवेत घेतात. त्या हातांवरचे विद्युतचुंबक वरच्या लोखंडाकडे खेचले जातात आणि गाडी उचलली जाते. मधली फट जेमतेम १० मिलिमीटरची. यात एक मेख आहे. फट कमी झाली की खेच वाढते, फट वाढली की खेच घटते. म्हणजे नुसते सोडून दिले तर गाडी एक तर चिकटेल, नाही तर खाली बसेल. म्हणून सेकंदाला हजारो वेळा फट मोजून विद्युतप्रवाह कमीजास्त करणारी यंत्रणा अखंड जागी ठेवावी लागते.

जपानने उलटा रस्ता धरला. तिथे गाडीत निओबियम-टायटॅनियमच्या तारांची अतिवाहक चुंबके असतात, द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत थंड केलेली. मार्गाच्या दोन्ही भिंतींत तारांची वेटोळी बसवलेली असतात. गाडी वेगाने जवळून गेली की त्या वेटोळ्यांत प्रवाह उपजतो आणि तोच तिला उचलून धरतो. फट दहा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे जर्मन पद्धतीच्या दहापट. भूकंपाच्या देशाला ती ऐसपैस फट हवीच होती. मात्र वेग नसेल तर उचल नाही, त्यामुळे ताशी १५० किलोमीटर गाठेपर्यंत ही गाडी रबरी चाकांवरच पळते.

दोन्ही पद्धतींत गाडीला पुढे ढकलणारी मोटर गाडीत नसते, मार्गात असते. घरच्या पंख्याची मोटर उभी चिरून सरळ पसरावी तशी ती मैलोन्‌मैल अंथरलेली असते. इंजिनाचे ओझे नाही म्हणून गाडी हलकी. चाकाच्या पकडीवर अवलंबून नाही म्हणून ती चढाला दबत नाही. झिजणारे भाग कमी, म्हणून देखभाल कमी. पण किलोमीटरच्या प्रत्येक तुकड्यात तांबे, लोखंड आणि नियंत्रणयंत्रणा ओतावी लागते. दिवसाला दोन गाड्या धावल्या काय आणि दोनशे धावल्या काय, मार्ग तेवढाच महाग. मॅग्लेव्हचे बहुतेक गुण आणि जवळजवळ सगळा खर्च या एका रचनेतून येतो.

कल्पना नवी नाही. जर्मन अभियंता हेर्मान केम्पर याला १९३४ मध्ये तिचे पेटंट मिळाले. अमेरिकेत पॉवेल आणि डॅन्बी या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात अतिवाहक चुंबकांचा मार्ग मांडला. जपानने १९६२ पासून यावर संशोधन चालवले. प्रवाशांसाठी पहिली गाडी मात्र इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमच्या विमानतळावर १९८४ मध्ये धावली. ६०० मीटरचा मार्ग, सायकलस्वाराने थोडा जोर लावला तर गाठता येईल एवढा वेग. सुटे भाग मिळेनासे झाले आणि १९९५ मध्ये ती बंद पडली. बर्लिनची छोटी चुंबकगाडी १९८९ ते १९९१ एवढीच जगली. भिंत पडल्यावर शहराचे दोन तुकडे जोडणारी जुनी भुयारी रेल्वे पुन्हा सुरू करायची होती आणि चुंबकगाडीचा मार्ग त्याच जागेत येत होता. जोडणारी रेल्वे आणि न जोडणारी रेल्वे समोरासमोर आल्या तेव्हा बर्लिनने जोडणारी निवडली. या लहानशा प्रसंगाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, पण पुढच्या मोठमोठ्या निर्णयांत हेच घडत गेलेले दिसते.

सगळ्यात बोलके उदाहरण शांघायचे. जर्मन तंत्राने बांधलेला तिथला मार्ग पुदोंग विमानतळ ते लाँगयांग रोड असा सुमारे तीस किलोमीटरचा आहे. उद्‌घाटन २००२ च्या शेवटच्या दिवशी झाले. ताशी ४३१ किलोमीटरचा वेग घेत ती गाडी हे अंतर साडेसात मिनिटांच्या आत कापत असे. खर्च सुमारे एक हजार कोटी युआन. वीसहून अधिक वर्षे ती बिनबोभाट धावते आहे आणि २००६ मधली डब्याची एक आग सोडली तर मोठे संकट नाही. म्हणजे तंत्र चालते की नाही हा प्रश्न कधीच निकाली निघाला. पण लाँगयांग रोड हे शहराच्या मध्यभागी नाही. तिथे उतरून सामान घेऊन पुन्हा मेट्रोत चढावे लागते. साडेसात मिनिटांत वाचलेला वेळ जिन्यांवर आणि रांगेत जातो. २०२१ पासून तर तिचा वेगही ताशी ३०० किलोमीटरवर आणला गेला आहे.

हा मार्ग पुढे हांगझौपर्यंत न्यायचा होता. कंपन, आवाज आणि चुंबकीय क्षेत्राच्या धास्तीने शांघायचे रहिवासी २००८ मध्ये रस्त्यावर उतरले, प्रकल्प रेंगाळला आणि २०१० मध्ये त्याच दोन शहरांत चाकांची वेगवान रेल्वे सुरू झाली. त्यानंतर चीनचे वेगवान रेल्वेमार्ग ४५ हजार किलोमीटरच्या पुढे गेले, ते सगळे चाकांचे. ज्या देशाकडे जगातली सर्वांत वेगवान चुंबकगाडी रोज धावत होती, पैसा होता, जमीन घ्यायला अडसर कमी होता, त्याने देश जोडायला चाक का निवडले? कारण चाकाची गाडी जुन्या स्टेशनात शिरू शकते, नव्या मार्गावरून उतरून जुन्या रुळाने पुढच्या गावी जाऊ शकते, आणि एक टप्पा पुरा झाला की त्याच दिवसापासून उपयोगी पडते. मॅग्लेव्हला ही सोय नाही. चीनने ताशी ६०० किलोमीटरची नमुना गाडी २०२१ मध्ये छिंगदाओला जगापुढे आणली, पण देशाचे जाळे विणले ते पोलादी रुळांनी.

जर्मनीने तर स्वतःच्या अपत्याला घरात जागा दिली नाही. हॅम्बुर्ग-बर्लिन मार्ग २००० मध्ये रद्द झाला. म्युनिक विमानतळाचा ३७ किलोमीटरचा मार्ग २००८ मध्ये सोडून द्यावा लागला, कारण १८५ कोटी युरोंचा अंदाज ३४० कोटींवर गेला होता. त्याआधी २२ सप्टेंबर २००६ रोजी एम्सलँडच्या चाचणीमार्गावर गाडी देखभालीच्या वाहनावर आदळून २३ जण दगावले. मार्गाला कवेत घेतलेली गाडी रुळावरून घसरत नाही, हे खरेच. पण मार्गावर वाहन उभे असताना गाडी सोडली गेली, आणि ही माणसाची चूक होती.

जपानची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि आपल्याला अधिक शिकवणारी. यामानाशीच्या चाचणीमार्गावर २१ एप्रिल २०१५ रोजी तिथल्या गाडीने ताशी ६०३ किलोमीटर वेग गाठला; रेल्वेच्या इतिहासातला तो विक्रम आहे. टोकियोच्या शिनागावापासून नागोयापर्यंत २८६ किलोमीटर अंतर ४० मिनिटांत कापायचे, असा चुओ शिंकान्सेनचा बेत आहे. काम २०१४ मध्ये सुरू झाले. मार्गाचा सुमारे ८६ टक्के भाग बोगद्यात. खर्चाचा अंदाज साडेपाच लाख कोटी येनवरून २०२१ मध्ये सात लाख कोटींच्या पुढे गेला, म्हणजे दर किलोमीटरला अडीच हजार कोटी येनच्या घरात. उद्‌घाटन २०२७ ला ठरले होते. आता २०३४ च्या आधी ते होणे नाही.

उशिराचे मोठे कारण शिझुओका प्रांत. मार्गाचे जेमतेम दहा-अकरा किलोमीटर या प्रांताच्या डोंगराखालून जातात. प्रांतात स्थानक एकही नाही. बोगद्यामुळे ओइ नदीचे पाणी दुसरीकडे वाहून जाईल, खालच्या खोऱ्यातल्या शेतीचे आणि गावांचे काय, असा प्रश्न तिथल्या राज्यपालांनी लावून धरला आणि परवानगी अडवली. त्यांच्यावर देशाची प्रगती रोखल्याची टीका झाली, पुढे २०२४ मध्ये ते पायउतारही झाले. मला मात्र त्यांचा प्रश्न रास्त वाटतो. गाडी आमच्या पोटातून जाणार, पाणी आमचे जाणार आणि थांबा मिळणार नाही, हे कोणत्या प्रदेशाने मुकाट्याने मान्य करावे? ज्या मधल्या चार प्रांतांना स्थानक मिळणार आहे, तिथेही तासाला एखादीच गाडी थांबेल असा हिशेब आहे. नागानो प्रांतातले ईदा हे डोंगरातले शहर त्यातलेच एक. वर्ध्याने टोकियो किंवा नागोयाकडे न बघता ईदाकडे आणि शिझुओकाकडे बघायला हवे. आपली जागा त्या नकाशात तिथे आहे.

कमी वेगाच्या मॅग्लेव्हचा एक वेगळाच, शांत वर्ग आहे, त्याची नोंद करून पुढे जाऊ. नागोयाजवळची लिनिमो २००५ पासून ८.९ किलोमीटर धावते. चीनमध्ये चांग्शाला २०१६ मध्ये साडेअठरा किलोमीटरचा मार्ग आला, बीजिंगलाही एक आहे. ताशी शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. खडखडाट नाही, वळणे आणि चढ सहज घेतात, घरांच्या जवळून जातात. दक्षिण कोरियाच्या इंचॉन विमानतळावरचा असाच मार्ग मात्र प्रवासी आणि सुटे भाग यांअभावी २०२२ मध्ये थांबवावा लागला.

आता आपल्या भूगोलाकडे. मॅग्लेव्हचा सर्वांत मोठा फायदा आपल्याला कुठे झाला असता, तर तो कसारा घाटात. कसारा म्हणजेच थळ घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. नागपूरकडे येणाऱ्या गाडीला तिथे मागून बँकर इंजिने लावावी लागतात. जर्मन पद्धतीची गाडी दहा टक्क्यांचा चढही घेऊ शकते. म्हणजे लांब वळसे आणि काही बोगदे वाचले असते. वेग पकडण्यातही ती चाकाच्या गाडीच्या कितीतरी पुढे आहे. ताशी ३०० किलोमीटर गाठायला तिला पाचेक किलोमीटर पुरतात, चाकाच्या वेगवान गाडीला त्याच्या पाच-सहापट अंतर लागते. दुसरा फायदा उन्हाळ्यातला. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा रुळाचे पोलाद ६० अंशांवर तापते. लांबच लांब जोडलेला रूळ वाढायला जागा शोधतो आणि एखाद्या ठिकाणी बाजूला वाकतो. म्हणून भर दुपारी ट्रॅकमन खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन, डोक्याला दुपट्टा गुंडाळून स्लीपरमागून स्लीपर चालत जातो, वाकून रुळाच्या रेषेवर नजर लावतो, सैल पेंड्रोल क्लिप ठोकून बसवतो. आपली गाडी वेळेवर येते ती या माणसाच्या जिवावर. मॅग्लेव्हच्या मार्गात असा रूळ नाही, क्लिप नाही, खडी नाही. खांबांवरून जाणारा मार्ग असल्याने फाटक नाही, जनावर आडवे येणे नाही.

पण त्याच उन्हाळ्यात रुळाच्या पलीकडच्या शेतात पाहावे. कपाशी निघून गेलेली काळी जमीन अशी फाटते की भेगेत कोपरापर्यंत हात जावा. मृगाच्या पावसानंतर तीच जमीन फुगते आणि भेगा मिटतात. वर्ध्याच्या घराघराच्या भिंतींवरचे तडे हीच कहाणी सांगतात. खडीवरचा रूळ थोडा बसला तर टॅम्पिंग मशीन आणून उचलता येतो. १० मिलिमीटर फटीवर धावणाऱ्या गाडीच्या काँक्रीट तुळया मात्र मिलिमीटरच्या हिशेबात जागच्या जागी राहाव्या लागतात. काळी माती, मुरूम सगळे ओलांडून पक्क्या कातळापर्यंत प्रत्येक खांबाचा पाया न्यायचा. शांघायच्या मऊ गाळाच्या जमिनीवर हे करून दाखवले गेले आहे. अशक्य काहीच नाही. पण तिथे तीस किलोमीटर होते, इथे साडेसातशे आहेत.

वळणाचा मुद्दा तर चर्चेत येतच नाही. ‘समृद्धीच्या कडेने नेऊ, वेगळी जमीन लागणार नाही’ असे म्हणणे सोपे आहे. समृद्धी महामार्ग ताशी १५० किलोमीटरच्या मोटारींसाठी आखलेला. ताशी पाचशेच्या गाडीसाठी जपान किमान आठ किलोमीटर त्रिज्येचे वळण धरतो. महामार्ग जिथे गाव, तलाव किंवा टेकडी टाळून वळला, तिथे ही गाडी वळू शकत नाही. ती सरळ शेतांतून जाईल. खांबांखाली पेरता येते, जमीन कमी लागते, हा फायदा खरा. पण ज्याच्या वावरात खांब उभा राहतो त्याच्यासाठी तो एक निर्णय असतो आणि तो एकदाच होतो. आपल्याच पवनारपासून गोव्याच्या सीमेपर्यंत आखलेल्या शक्तिपीठ महामार्गाला झालेला विरोध ताजा आहे. सेलू, वर्धा आणि आर्वी तालुक्यांनी समृद्धीसाठी जमीन दिली. बोरच्या जंगलातले प्राणी या सगळ्या पट्ट्यांच्या मधून ये-जा करतात.

विजेचे गणित सरळ आहे. चाकाचे घर्षण गेले तरी हवा जागेवरच असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १३० वरून ५०० वर गेले की तो जवळपास पंधरापट होतो. विमानापेक्षा ही गाडी कमी ऊर्जा खाते, हे तिच्या बाजूने सांगितलेच पाहिजे, आणि मुंबई-नागपूर विमानांची जागा ती घेणार असेल तर हिशेब बदलतो. रेल्वेची जागा घेणार असेल तर मात्र तो महागच पडतो. आवाजाचेही तसेच: कमी वेगात ती जवळजवळ निःशब्द असते, पण पूर्ण वेगात हवाच गर्जते. चुंबकीय क्षेत्राची भीती लोकांना वाटते. डब्यांना आच्छादन करून ते आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या आत ठेवता येते, त्यामुळे हा दोष मी मोठा मानत नाही.

खर्चाचा अंदाज घेण्यासाठी आपल्याकडचेच आकडे घेऊ. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, खर्च साठ हजार कोटी रुपयांच्या आसपास. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन ५०८ किलोमीटर, मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटी, म्हणजे किलोमीटरला दोनशे कोटींवर. मॅग्लेव्ह एवढ्यातच होईल असे उदार मनाने धरले, तरी मुंबई-नागपूरला दीड लाख कोटी लागतात. ते तिकिटातून वसूल करायचे तर रोज मुंबई-नागपूर करणारे हजारो सधन प्रवासी हवेत. शांघाय आणि टोकियोच्या मानाने हा मार्ग विरळ वस्तीचा आहे. मधल्या प्रत्येक थांब्यावर वेग मोडतो आणि वेग मोडला की गाडीचे प्रयोजनच मोडते. म्हणून अशा गाडीला थांबे कमी द्यायचा मोह ती चालवणाऱ्यांना होणारच.

आणि मालगाडी? वर्ध्यावरून चंद्रपूर भागातला कोळसा, सिमेंट, कंटेनर, पोलाद रात्रंदिवस जाते. सिंदी रेल्वेला ड्राय पोर्ट त्यासाठीच आखले गेले. मॅग्लेव्ह यातला एक डबाही ओढणार नाही.

हे समजायला वर्धा शहर कसे झाले ते आठवावे लागते. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा जिल्हा निघाला तेव्हा मुख्यालय पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये ते पालकवाडी या खेड्याच्या जागी आले आणि नवे शहर वसले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली ती याच वाटेने. पुढे वरोऱ्याच्या कोळशासाठी हिंगणघाटवरून फाटा निघाला, तो बल्लारशा-काझीपेठमार्गे मद्रासच्या वाटेला मिळाला. त्यामुळे मुंबई-हावडा आणि दिल्ली-मद्रास हे दोन महामार्ग इथे भेटले. पूर्वीचे वर्धा ईस्ट, आजचे सेवाग्राम, हे त्याच भेटीचे स्टेशन. जमनालाल बजाजांच्या आग्रहाने गांधीजी वर्ध्यात आले, १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले. १९०९ च्या ‘हिंद स्वराज’मध्ये त्यांनी रेल्वेवर टीका केली होती, तरी देशभरातले कार्यकर्ते आणि नेते त्यांना भेटायला उतरत ते याच जंक्शनवर. जुलै १९४२ ची काँग्रेस कार्यकारिणी वर्ध्यात भरली. देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून इथे गाडी येत होती. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योगाचा विचार मांडत होते, तेव्हा त्यांची पद्धत अशी की कोणत्याही साधनाचा हिशेब खेड्यापासून सुरू करायचा. तोच हिशेब इथे लावला तर ठळक दिसते की वर्ध्याला वेगाने जितके दिले त्याहून जास्त जोडणीने दिले.

म्हणून घाईने स्वप्ने विकली जातात तेव्हा वाईट वाटते. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबई-पुणे हायपरलूपचा करार मोठ्या समारंभात झाला. तीही चुंबकावर तरंगणारी, निर्वात नळीतली गाडी, पंचवीस मिनिटांत पोचवणारी. २०२२ मध्ये त्या परदेशी कंपनीने प्रवासी वाहतुकीचा नाद सोडला आणि २०२३ च्या अखेरीस ती गुंडाळली गेली. सप्टेंबर २०२० मध्ये भेल या सरकारी कंपनीने स्वित्झर्लंडच्या स्विसरॅपिडबरोबर मॅग्लेव्हचा करार केला. त्यातून मार्ग उभा राहिला नाही. याउलट इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी अतिवाहकावर तरंगणारी छोटी गाडी तयार करून दाखवली, आयआयटी मद्रासने हायपरलूपसाठी चारशे मीटरहून लांब नळी उभारली. हे काम मला मनापासून महत्त्वाचे वाटते. अतिवाहक, लिनिअर मोटर, नियंत्रणयंत्रणा यांचे ज्ञान देशात असलेच पाहिजे; ते विकत आणलेल्या करारांतून येत नाही, प्रयोगशाळेतल्या दहा-पंधरा वर्षांच्या चिकाटीतून येते. त्यावर सरकारने आज खर्च होतो त्याच्या कितीतरी पट खर्च करावा.

जिल्ह्यातली कामे मात्र वेगळी आहेत आणि ती डोळ्यासमोर आहेत. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग २००८-०९ मध्ये मंजूर झाला. त्यातला वर्धा-कळंब हा पहिला टप्पा सुरू व्हायला २८ फेब्रुवारी २०२४ उजाडावे लागले. पुलगाव-आर्वी ही १९१७ ची नॅरोगेज बंद पडली, आर्वीकरांची ब्रॉडगेजची मागणी जुनीच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्धा-भुसावळ तिसऱ्या आणि चौथ्या मार्गाला, ३१४ किलोमीटरला, मंजुरी दिली. ही मला कोणत्याही चुंबकगाडीपेक्षा मोठी बातमी वाटते. आज एक्सप्रेस लेट होते ती इंजिनात दम नाही म्हणून नाही. पुढे मालगाडी असते, लूप रिकामी नसते आणि गाडी आउटरला उभी राहते. मालाला स्वतंत्र मार्ग मिळाला की आहे त्याच वंदे भारतचे बारा तास कमी होऊ शकतात. नागपूरभोवतीच्या ब्रॉडगेज मेट्रोचा करार २०१८ मध्ये झाला, त्यात वर्धाही आहे. जुन्याच रुळांवरून, नागपूर-वर्धा ७५-८० किलोमीटर, रोज कामाला आणि कॉलेजला जाणाऱ्यांसाठी. मॅग्लेव्ह हे अंतर पंधरा मिनिटांत कापेल हे खरे. पण समुद्रपूर किंवा कारंजा घाडगेहून सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात येणाऱ्या रुग्णाचा वेळ या पंधरा मिनिटांत वाचत नाही. तो वाचतो वेळेवर येणाऱ्या, गावागावाला थांबणाऱ्या, परवडणाऱ्या गाडीने आणि एसटीने.

मुंबई-नागपूर वेगवान रेल्वेचा आराखडा उद्या पुढे सरकला, तर वर्धेकरांनी पहिली विचारणा वेगाची करू नये. स्थानक कुठे, ही करावी. समृद्धीचा वर्ध्याचा फाटा येळाकेळीला आहे, शहरापासून दहाएक किलोमीटर. स्थानक तिथेच शेतात उभे राहणार असेल, तर कळंबहून, हिंगणघाटहून, बल्लारशाहून येणारा प्रवासी तिथे पोचणार कसा? नवा मार्ग चाकांचा असेल तर तो वर्धा किंवा सेवाग्राम स्थानकातून नेता येतो, आणि तो ब्रॉडगेज ठेवला तर निदान जोडमार्ग देऊन काही गाड्या जुन्या फलाटावर आणता येतात. ही अट सर्वेक्षण चालू असतानाच, लेखी, लोकप्रतिनिधींकडून घालून घेतली पाहिजे. आखणी कायम झाल्यावर ती घालता येत नाही, आणि मार्ग मॅग्लेव्हचा ठरला तर ती घालण्याची सोयच उरत नाही.